गॅलरीत पालक ठेवण्याबाबत

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. माझ्या आईला गॅलरीत ठेवण्याचा माझा विचार कधीही नव्हता, आजही नाही.

हे सांगावं लागतंय याचंच मला वाईट वाटतं. एकोणतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभाग सांभाळतोय. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं आणि मधे त्याचं काय झालं ते विचारायचं नाही, असं हे काम. साहेब बदलले, कपाटं बदलली, पण माझ्या वहीतल्या एका नोंदीवर कोणी बोट ठेवलं नाही. अशा माणसाबद्दल इमारतीतल्या चाळीस बिऱ्हाडांपैकी निदान तीस बिऱ्हाडांची खात्री आहे, की तो स्वतःच्या आजारी आईला उन्हात बसवून वेळापत्रकाप्रमाणे पाणी घालणार होता. तेही रीतसर लेखी परवानगी काढून!

तर पहिल्यापासून सांगतो.

माझी आई छत्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाची बाई होती. मीही तिच्याच वर्गात होतो. पहिल्या दिवशी मी "आई, पाणी" म्हणालो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "इथे आई नाही. बाई." त्यानंतर वर्षभर मी घरी आई म्हणत होतो आणि शाळेत बाई, आणि धपाटा दोन्हीकडे एकाच हातचा खात होतो. तिचे दोन नियम होते. एक, रांग उंचीप्रमाणे लागली पाहिजे, बुटका पुढे आणि उंच मागे. दुसरा, वर्गात खोडरबर आणायचा नाही. "चूक लपवायची नाही, दिसली पाहिजे," असं ती म्हणायची. "चुकलं तर वर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं."

सात महिन्यांपूर्वी तिला झटका आला. उजवा हात गेला, तो पुढे थोडाफार परत आला. शब्द मात्र नीट परत येईनात. डोक्यात एक असायचा, तोंडातून भलताच बाहेर पडायचा. आम्ही तिला आमच्याकडे, चौथ्या मजल्यावर घेऊन आलो. एका सकाळी तिला चष्मा हवा होता आणि तोंडातून निघालं, "चमचा." माझी बायको बिचारी लगबगीने स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आली. आई त्या चमच्याकडे बघत राहिली. आणि मी हसलो.

फार मोठ्याने नाही हसलो, पण हसलो. आईने चमचा टेबलावर ठेवला आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. हो नाही, नाही नाही. मान हलवायची तेवढीच. बायको त्या हसण्यावरून मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

वाचेच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. जाताना दाराशी मला म्हणाल्या, "शब्द आहेत हो त्यांच्याकडे. चुकतील म्हणून त्या बोलत नाहीयेत. पण चुकल्याशिवाय ते परत यायचे नाहीत. त्यांच्या हाताला काहीतरी काम द्या. सकाळी उठून बघावंसं वाटेल असं."

काम काय द्यायचं ते मला माहीत होतं. शाळेच्या मागे तिचे भाजीचे वाफे असायचे. पण आमच्या सोसायटीचा नियम तेरा असा, की गॅलरीत माती आणायची नाही. पूर्वी कोणाच्यातरी कुंडीतलं चिखलपाणी कोणाच्यातरी पापडांवर पडलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. आमचे सेक्रेटरी तो इतक्या भक्तिभावाने सांगतात, की सगळी इमारत त्यांना 'नियम तेरा' म्हणते. तोंडावर अर्थातच साहेब म्हणते.

अशात बियाणांच्या दुकानात मला कळलं, की आता मातीशिवाय भाजी येते. नळ्या आडव्या लावायच्या, त्यांना भोकं पाडायची, भोकांत पेले बसवायचे, पेल्यात रोप, आणि खालून नुसतं पाणी खेळवायचं. रोपाला लागणारं खाणं त्या पाण्यातच मिसळायचं. मी तिथेच उभा राहून नियम तेरा मनातल्या मनात तीनदा वाचला. माती नाही, म्हणजे नियम मोडत नाही. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मला इतका आनंद फार कमी वेळा झाला आहे.

कुठली भाजी सोपी, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "पालक लावा."

दुसरा कोणी असता तर गुपचूप नळ्या आणून लावून मोकळा झाला असता. पण कागद केल्याशिवाय मला गोष्ट झाल्यासारखी वाटत नाही. मी सोसायटीला अर्ज केला. विषय : गॅलरीत पालक ठेवण्याबाबत. मजकूर दोन ओळींचा, कारण अर्ज लांबला की साहेबलोक वाचत नाहीत. 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती, की माझ्या गॅलरीत पालक ठेवण्याची परवानगी मिळावी. इतर रहिवाशांना त्रास होणार नाही याची हमी देतो.'

नियम तेरांनी तो अर्ज स्वतःची अक्कल न वापरता जसाच्या तसा सूचना फलकावर लावला. खाली लिहिलं, 'हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे.'

दुसऱ्या दिवसापासून इमारतीचं वागणं बदललं. लिफ्टमध्ये मी शिरलो की गप्पा थांबायच्या. दुसऱ्या मजल्यावरचे वकील एरवी मला मान देऊन बाजूला होतात. त्यांनी मला जिन्यात अडवलं आणि फार गंभीर आवाजात सांगितलं, "कायदा मुलांना तेवढी मोकळीक देत नाही, एवढंच लक्षात ठेवा." मला वाटलं भाजीपाल्यासाठी नवीन कायदा आला. मी म्हणालो, "मी सगळं नियमात बसवूनच करतोय." ते माझ्याकडे बघत दोन पायऱ्या मागे सरकले.

मग समोरच्या दारातल्या काकू आल्या, हातात घोंगडी घेऊन. काकू मनाच्या प्रेमळ. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"हे आधी घ्या," असं म्हणून त्यांनी घोंगडी माझ्या हातात कोंबली. "आणि मला एकच सांगा. त्यांना ऊन सोसेल का?"

"ऊन तर हवंच त्यांना," मी म्हणालो. "चार तास तरी."

"आणि थंडीत?"

"थंडीत तर जास्त खुलतात."

"खाण्यापिण्याचं काय?"

"पाण्यातूनच. दर तासाला पाणी सोडायचं. माणूस नको, यंत्र लावणार आहे."

काकूंनी दाराची चौकट धरली. "अहो, पण असं किती दिवस ठेवणार?"

"चाळीस दिवस," मी म्हणालो. "मग कापायचे आणि दुसरे लावायचे."

काकू पायरीवरच बसल्या. बायको आतून धावत आली, तिने एकदा घोंगडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "काकू, भाजी हो! पालकाची भाजी!" मग पाणीबिणी देऊन काकूंना उठवलं. त्या गेल्यावर बायको मला म्हणाली, "'भाजी' ही दोन अक्षरं लिहायला काय झालं होतं?" मी म्हणालो, "अर्जात पाल्हाळ नको म्हणून." तिने घोंगडीची घडी घातली आणि ती आत निघून गेली.

मी खाली गेलो, फलकावरचा अर्ज काढला आणि रागारागाने घरी आणून टेबलावर आपटला. आई टेबलाशी बसली होती. तिने तो उचलला, वाचला. परत वाचला. मग कागद तोंडासमोर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. बराच वेळ हलत होते. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना, आणि कागद बाजूला करून बघायचं माझं धाडस झालं नाही.

पुढे समितीची सभा झाली. हे नळकाम समजायचं की बाग, यावर दीड तास गेला. नळकाम म्हटलं तर प्लंबरचा दाखला लागतो आणि बाग म्हटली तर नियम तेरा आहेच. मी म्हणालो माती नाही, तर ते म्हणाले मातीच नाही तर बाग कशी, आणि बागच नाही तर परवानगी कशाची मागताय? शेवटी वकिलांनी तोडगा काढला. माझ्या चोवीस रोपांना 'कपडे वाळत घालण्याचा स्टँड (ओला)' म्हणून मंजुरी मिळाली. ठरावात पालक हा शब्द वापरू नये, अशी सूचना काकूंनी केली आणि ती एकमताने मान्य झाली.

मग नळ्या आल्या. चार नळ्या, प्रत्येकीत सहा भोकं, एकाखाली एक. खाली वीस लिटरची टाकी, तिच्यात पंप. पंपाने पाणी वरच्या नळीत चढवायचं, ते चारही नळ्यांमधून फिरत खाली येणार आणि परत टाकीत पडणार. जोडणी मी स्वतः केली, कारण प्लंबरला बोलावलं असतं तर ते नळकाम ठरलं असतं. पहिल्याच दिवशी एक जोड सुटला आणि पाणी दोन मजले उतरून वकिलांच्या वाळत घातलेल्या काळ्या कोटावर गेलं. वकील वर आले, बोलले मात्र काही नाहीत. नुसता कोट दाखवून गेले. वकिलाचं गप्प राहणं फार लागतं मनाला.

दुसरी चूक माझी मलाच दिसली, पण उशिरा. टाकीकडे परत येणारी नळी मी शेवटच्या भोकाच्या पुढे जोडायच्या ऐवजी अलीकडे जोडली होती. पाणी तेविसाव्या रोपापर्यंत जायचं आणि तिथून खाली उतरायचं. चोविसावं रोप कोरडं. सगळं परत सोडवायचं म्हणजे परत वकिलांचा कोट. मी ते तसंच ठेवलं.

पंप चालू झाला की बुडबुड, गुळगुळ असा आवाज व्हायचा. बायको म्हणाली, "घरात कोणीतरी सारखं चूळ भरतंय." पण आई पहिल्या दिवशीच खुर्ची ओढत गॅलरीत गेली आणि त्या नळ्यांसमोर बसली. तिने चोवीसही पेले नजरेखालून घातले. चोविसाव्यापाशी थांबली. पेल्यात बोट घालून बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. ही नजर मला पहिलीपासून ओळखीची आहे. मी उगीचच पंपाची वायर तपासायला खाली वाकलो.

तिने आत जाऊन स्वतःचा पाण्याचा पेला आणला आणि टेबलावरचा तो चमचा आणला. चोविसाव्या रोपाला चमच्याने पाणी पाजलं. पुढे रोज सकाळी पाजायची.

चौथ्या दिवशी तिने बायकोच्या पर्समधून एक छोटी वही काढून घेतली. त्यात डाव्या हाताने उभ्या-आडव्या रेघा ओढल्या, वाकड्यातिकड्या, आणि रोज सकाळी पालकाची हजेरी घ्यायला लागली. तोंडाने नाही. एकेका पेल्याकडे बघायची, मान डोलवायची आणि वहीत खूण करायची. एखादं पान लोळलं असलं तर त्या चौकोनात टिंब. चोविसाव्याच्या चौकोनात बहुतेक टिंबच असायचं, कारण नुसत्या पाण्यावर ते फिकट आणि बुटकं राहिलं होतं. बाकीचे तेवीस मात्र तरारून वर आले. मी कचेरीतून आलो की आधी ती वही बघायचो. माझ्या आवक-जावकच्या वहीपेक्षा ती जास्त व्यवस्थित होती, हे कबूल करतो.

आता बाटल्यांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथे घडलं.

रोपांचं खाणं तीन बाटल्यांत येतं. दुकानदाराने आपल्या मोठ्या कॅनमधून ते घरातल्या कुठल्याकुठल्या रिकाम्या बाटल्यांत भरून दिलं होतं आणि वर कागद चिकटवून अक्षरं घातली होती. उंच बाटली अ, मधली ब, बुटकी क. अ आणि ब हे खाणं, आठवड्याला पाच-पाच झाकणं. क म्हणजे आम्ल. ते फक्त पाण्याची चव जुळवायला, चार थेंब. "क जपून," दुकानदार म्हणाला होता. "क जास्त झालं तर मुळं जळतात."

पस्तिसाव्या दिवशी सकाळी मी खाणं घालायला गेलो, तर तिन्ही बाटल्या फळीवर उंचीप्रमाणे ओळीत उभ्या. आणि त्यांच्यावर नवीन अक्षरं. मोठी, थरथरती, डाव्या हाताची. अ, आ, इ.

मी जागच्या जागी उभा राहिलो. सात महिन्यांत आईने एक अक्षर लिहिलं नव्हतं. आणि लिहिलं ते काय, तर दुकानदाराची चूक सुधारली! अ नंतर ब? पहिलीच्या बाईला हे पस्तीस दिवस कसं सहन झालं असेल! अ नंतर आ असतो, आ नंतर इ. छत्तीस वर्षं तिने दुसरं काय शिकवलं? मी बायकोला हाका मारल्या. ती ओल्या हातांनी धावत आली, बाटल्या बघितल्या आणि तिने पदराने डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आई खुर्चीत बसून वहीत खुणा करत होती. तिने वरसुद्धा बघितलं नाही.

तशाच भरल्या डोळ्यांनी मी खाणं घातलं. ब चा आ केलाय आणि क चा इ, हे न कळण्याइतका मी बावळट नाही. अ तर होता तसाच आहे. अ पाच झाकणं, आ पाच झाकणं, इ चार थेंब. बाटल्यांच्या उंचीकडे मी बघितलं नाही. कोणी म्हणेल, बघायला नको होतं का? आमच्या विभागात पाकीट केवढं आहे ते बघत नाहीत, वर काय लिहिलंय ते बघतात. आणि एखाद्या नोंदीवर रेघ मारलेली असली, तर रेघेखालचं वाचत नाहीत. शेवटची नोंद ग्राह्य. एकोणतीस वर्षांची सवय आहे.

संध्याकाळी घरी आलो तर बायको दारातच उभी होती. "आवाज करू नका," असं म्हणून तिने मला गॅलरीत नेलं. तेवीस रोपं नळ्यांवर आडवी पडली होती. पानं उकडल्यासारखी झाली होती. मी एक पेला उचलला, तर खाली पांढरी मुळं होती ती तपकिरी, बुळबुळीत.

"आई कुठे आहे?"

"आत. दुपारी बघितलं त्यांनी. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडल्यात. जेवल्या नाहीत."

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "बुटक्या बाटलीतलं पाच झाकणं घातलंत? अहो साहेब, ते क!" मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईने अक्षरं नुसती सुधारली नव्हती. तिने बाटल्यांची रांग लावली होती. बुटका पुढे, उंच मागे. आणि मग रांगेप्रमाणे नंबर दिले होते, अ, आ, इ. बुटकं आम्ल पहिलं आलं आणि अ झालं.

मी खुर्चीत बसलो. आईची खुर्ची होती ती. एक शब्द चुकला म्हणून जी बाई इतके महिने बोलली नाही, तिच्या हातून तेवीस रोपं मेली हे तिला कळलं तर? पुन्हा कधी पेन हातात घेईल का ती? मी बायकोला म्हणालो, "तिला काही सांगायचं नाही. सगळा दोष माझा. मी माप चुकलो." बायको म्हणाली, "खोटं बोलता येतं का तुम्हाला?" मी म्हणालो, "आईसाठी बोलेन."

टाकीतलं पाणी सगळं बदलून बघितलं, चार वेळा नळ्या धुतल्या. काही उपयोग झाला नाही.

सकाळी आई उठून गॅलरीत आली आणि खुर्चीत बसली. वही मांडीवर, पण उघडली नाही. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. रात्रभर मनाशी घोकलेलं वाक्य म्हटलं. "आई, माझ्या हातून चूक झाली. मी औषध जास्त घातलं. तुझा काही संबंध नाही त्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली घातली. काकूंना पालकाची हकीकत न अडखळता सांगणारा मी, पण आईसमोर खोटं बोलताना माझे कान गरम झाले होते. मी उदात्तपणे वागतोय असं मला आतून वाटत होतं, हेही सांगून टाकतो. आईसाठी मुलगा आळ स्वतःवर घेतोय! त्या क्षणी मला माझंच कौतुक वाटत होतं.

आई उठली. फळीवरची बुटकी बाटली तिने डाव्या हाताने उचलली आणि माझ्या नाकासमोर धरली. मी म्हणालो, "राहू दे आई, माझीच चूक." तिने बाटली आणखी जवळ आणली. मग माझ्या डोळ्यांकडे बोट केलं आणि तोंड उघडलं.

"चमचा," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली. हसू येणं लांबच राहिलं, आता ही आत जाऊन परत भिंतीकडे तोंड करून पडेल, याची मला भीती वाटत होती. आईच्या चेहऱ्यावर राग आला. माझ्यावर नव्हता, त्या शब्दावर होता. तिने बाटली फळीवर ठेवली, डाव्या हाताचं बोट वर केलं आणि हवेत एक रेघ मारली. आडवी, सरळ, डावीकडून उजवीकडे. शब्दावर रेघ मारावी तशी.

मग दम घेऊन, एकेक अक्षर ओढत, ती म्हणाली, "च... ष्मा. लाव."

मी धडपडत आत जाऊन माझा चष्मा आणला. लावला. तिने बाटली परत उचलून माझ्या हातात दिली.

"वाच."

मी वाचलं. वर मोठा, थरथरता अ होता. आणि त्याच्या खाली दुकानदाराचा क. आईने तो खोडला नव्हता, खरवडला नव्हता, त्यावर कागद चिकटवला नव्हता. वर फक्त एक बारीक रेघ मारली होती. रेघेखाली क जसाच्या तसा, ठळक, कोणालाही वाचता यावा असा.

"वाच," ती परत म्हणाली.

"क," मी म्हणालो.

तिने भुवया वर केल्या. मग? असा अर्थ होता.

चूक लपवायची नाही, दिसली पाहिजे. मी पहिलीत असताना हे शंभर वेळा ऐकलं होतं. तिने तिचा नियम पाळला होता. वाचलं नव्हतं ते मी. उदारपणे स्वतःवर घेतलेला आळ नोंद बघता माझाच निघाला, आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नोंदीवर कोणीतरी बोट ठेवलं होतं. शब्दशः ठेवलं होतं, बाटलीवर.

"चुकलं," मी म्हणालो. एवढंच मला म्हणता आलं. आणि मग जे इतके महिने म्हणायचं राहिलं होतं, तेही बाहेर आलं. "त्या दिवशी हसलो, तेही चुकलं."

आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तशी तिची पद्धत नाही. तिने बोट उचललं आणि माझ्या तोंडासमोर हवेत एक रेघ मारली. मग खुर्चीत बसली, वही उघडली आणि पेन्सिल सरसावली.

"एक," ती म्हणाली.

तिने चौकोनात टिंब दिलं.

"दोन." टिंब. "तीन." टिंब. "चार. पाच. सहा." प्रत्येक आकड्यानंतर ती थांबत होती, आडव्या पडलेल्या रोपाकडे बघत होती, उत्तराची वाट बघत होती. वर्गात आजारी मुलाचं नाव घेतल्यावर थांबायची तशी. अकरानंतर तिने "बादली" म्हटलं, रेघ मारली, "बारा" म्हटलं आणि पुढे गेली. एकोणीसला तीन वेळा अडखळली, तीन रेघा मारल्या. समोरच्या काकू दार उघडून उभ्या होत्या असं बायकोने मला नंतर सांगितलं. मला काहीच दिसत नव्हतं, चष्मा लावूनसुद्धा.

"तेवीस," आई म्हणाली. टिंब.

मग ती शेवटच्या पेल्याकडे वळली. माझ्या चुकीच्या जोडणीमुळे ज्याच्यापर्यंत टाकीचं पाणी कधी पोचलंच नाही, त्या पेल्याकडे. फिकट, बुटकं, आईच्या चमच्यातल्या पाण्यावर जगलेलं ते रोप नळीच्या टोकाला एकटंच उभं होतं. ताठ.

"चोवीस," आई म्हणाली आणि थांबली.

गॅलरीत पंपाची गुळगुळ चालू होती. आई वाट बघत होती. रोप काही बोलणार नव्हतं, कोणीतरी बोलायला हवं होतं. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

"हजर, बाई," मी म्हणालो.